ते शहर कुणाला आवडतं?

तुम्ही पाठवलेली पहिली तीन प्रकरणं आणि पुढचा आराखडा मी दोनदा वाचला. तुमचे प्रश्न दोन आहेत. भविष्यातल्या हुकूमशाही शहरावरची ही कादंबरी ज्यांना ज्यांना वाचायला दिली, त्या सगळ्यांनी "हे आधी कुठेतरी वाचलंय" असंच सांगितलं. तर चुकतंय कुठे? आणि युटोपियावर, म्हणजे आदर्श समाजावर, लिहायला घ्यावं तर त्यात संघर्षच नसतो, म्हणून तो प्रकार कथेला चालत नाही असं म्हणतात, ते खरं का? पुढे याच कथेची पटकथा करायचाही तुमचा विचार आहे. गेली २२ वर्षं मी कादंबऱ्यांच्या आणि पटकथांच्या संहितांवर संपादनाचं काम करतेय, आणि त्यात अशी कल्पित राज्यं पुष्कळ येऊन गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या शहरात प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे, माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, पुस्तकांवर बंदी आहे, काळ्या गणवेशातले शिपाई आहेत. नायिकेला तळघरात एक पुस्तक सापडतं आणि तिचे डोळे उघडतात. या वस्तूंमुळेच वाचकांना ओळखीचं वाटतं असा तुमचा समज झालाय, म्हणून आराखड्यात कॅमेऱ्यांच्या जागी मेंदूत बसवलेली चिप आणलीय. त्यानं काही फरक पडणार नाही. तिन्ही प्रकरणांत मला असं एक माणूस सापडलं नाही, ज्याला त्या शहरात राहायला आवडतं. नायिका घुसमटलेली, शेजारी भेदरलेले, शिपाई क्रूर, आणि वर कुठेतरी एक अध्यक्ष. असं शहर आठवडाभरसुद्धा चालणार नाही, कारण सकाळी उठून ते चालवायला जाणार कोण? वाचकाला ही उणीव नेमकी सांगता येत नाही, पण जाणवते. मग तो म्हणतो, "आधी वाचलंय."

आधी युटोपियाकडे वळते, कारण दोन्ही प्रश्नांची गाठ तिथे आहे. थॉमस मोरचं 'युटोपिया' १५१६ साली लॅटिनमध्ये छापून आलं. नावातच ग्रीक शब्दांचा खेळ आहे: 'कुठेही नसलेली जागा' आणि 'चांगली जागा' असे दोन्ही अर्थ त्या उच्चारात ऐकू येतात. त्या बेटावर दिवसाला सहा तास काम पुरतं, खासगी मालमत्ता नाही, आणि सोन्याची किंमत वाटू नये म्हणून त्याची शौचपात्रं करतात, गुलामांच्या बेड्याही करतात. कार्यशाळेत हा उतारा वाचून दाखवला की सोन्याच्या शौचपात्रांपाशी सगळे खूश होतात, आणि पुढच्या शब्दावरून नजर घसरते. बेड्या गुलामांच्या आहेत. म्हणजे आदर्श राज्यात गुलाम आहेत. परवान्याशिवाय आपल्या भागाबाहेर हिंडणारा पकडून परत आणला जातो, आणि पुन्हा तेच केलं तर त्याच्या वाट्याला गुलामी येते. मोरनं यातलं काहीही लपवलेलं नाही. सहा तासांचा दिवस आणि बेड्या त्यानं एकाच पुस्तकात शेजारी शेजारी ठेवल्या, आणि म्हणूनच पाचशे वर्षांनंतरही ते बेट खरं वाटतं. तिथे राहायला खुशीनं जाणारी माणसं मी डोळ्यांसमोर आणू शकते. तिथून पळून जाऊ पाहणारंही माणूस मला दिसतं.

डिस्टोपिया, म्हणजे युटोपियाच्या उलट, दुःस्वप्नासारखा समाज लिहिणाऱ्यांपैकी जे टिकले, त्यांनी हा धडा नीट गिरवला. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकानं १९२०-२१च्या सुमाराला 'आम्ही' लिहिली. ती इंग्रजी भाषांतरात १९२४ साली आली आणि त्याच्या स्वतःच्या देशात छापली जायला १९८८ उजाडलं. काचेच्या इमारती, पडदे सोडायची मुभा फक्त ठरवून दिलेल्या वेळी, आणि माणसांना क्रमांक, तुमच्याकडे आहेत तसेच. पण त्याचा निवेदक डी-५०३ या राज्यावर मनापासून खूश आहे. तो अवकाशयानाचा बांधणीकार आहे, आणि परग्रहावरच्या ज्या जिवांना अजून हे सुख ठाऊक नाही, त्यांच्यासाठी तो ही वही लिहितोय. प्रेमात पडल्यावर त्याला वाटतं आपण आजारी आहोत. तो डॉक्टरकडे जातो, आणि डॉक्टर निदान सांगतो की तुमच्यात आत्मा तयार झालाय. हा प्रसंग मी दरवर्षी वाचते आणि दरवर्षी पोटात कालवतं. त्याला बरं व्हायचंय! बंड करायला निघालेल्या नायकाच्या तोंडी हीच माहिती घातली असती, तर ती भाषणासारखी वाटली असती.

जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) म्हटलं की सगळ्यांना भिंतीवरचा, माणसांवर नजर ठेवणारा टीव्हीसारखा पडदा आणि छळाची खोली आठवते. माझ्या मते त्या कादंबरीची ताकद दुसरीकडे आहे. नायक विन्स्टन जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर राज्याच्या सोयीनं बदलायचं काम करतो, आणि त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद ते कामच आहे. तो त्यात वाकबगार आहे. कधीच न जन्मलेला एक शूर सैनिक तो कागदावर उभा करतो, आणि ते जमल्याचं समाधान त्याला मिळतं. त्याचा शेजारी पार्सन्स झोपेत काही बडबडला म्हणून त्याच्या सात वर्षांच्या मुलीनं त्याला पकडून दिलं, तर कोठडीत बसून तो मुलीचं कौतुक करतो. चॉकलेटचा शिधा तीसवरून वीस ग्रॅमवर येतो, आणि दुसऱ्या दिवशी तो वीसपर्यंत 'वाढवल्या'बद्दल आभाराचे मोर्चे निघालेले असतात. इथे भीती शिपायांची वाटत नाही. आपणही त्या मोर्चात चाललो असतो की काय, याची वाटते.

हक्स्लेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) तर छळ जवळपास नाहीच. चिंता घालवणारी सोमा नावाची गोळी आहे, करमणूक आहे, म्हातारपणाचे हाल नाहीत. राज्याचा नियंत्रक मुस्तफा माँड बंदी घातलेली पुस्तकं स्वतः वाचून बसलाय, आणि शेवटाकडे तो बाहेरून आलेल्या जॉनशी वाद घालतो तेव्हा वाचक म्हणून आपल्याला त्याची बाजू काही क्षण पटू लागते. लेखकानं विरोधी बाजूला आपल्याजवळचे सगळ्यांत चांगले युक्तिवाद दिलेत. तुमचा अध्यक्ष तिसऱ्या प्रकरणात बोलतो ते मी परत वाचलं. तो फक्त सत्ता हवी म्हणून बोलतो. त्याला एकदा तरी असं काही बोलू द्या, ज्याला तुम्हाला स्वतःला चटकन उत्तर सुचणार नाही. ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'मधला (१९५३) पुस्तकं जाळणाऱ्या अग्निशमन दलाचा प्रमुख हेच करतो. तो सांगतो की पुस्तकं जाळायचा हुकूम नंतर आला. लोकांनी वाचणं त्याच्या आधीच सोडलं होतं.

यासाठी मी एक काम नेहमी करायला सांगते. यंत्रणेतल्या सगळ्यांत खालच्या पगारी माणसाचा एक पूर्ण दिवस लिहायचा. तुमच्याकडे कॅमेरे आहेत, तर ते दुरुस्त कोण करतं? त्याला पगार किती, घर कुठे, या नोकरीमुळे त्याच्या घरात कोणतं औषध येऊ शकलं? काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक संहिता आली होती. पाण्याचं वाटप हातात ठेवून राज्य करणारी राजवट होती, आणि सगळं कसं सपाट वाटत होतं. मी लेखकाला मीटर तपासणाऱ्या बाईचा दिवस लिहायला सांगितला. त्यानं दहा पानं लिहिली. त्या बाईच्या मुलाला या नोकरीमुळेच चांगल्या शाळेत जागा मिळालेली असते. जास्त पाणी साठवणाऱ्या घरांची ती इमानानं नोंद करते, आणि एकाच घराची नोंद टाळते, कारण तिथे तिच्या बाळंतपणात मदत केलेली म्हातारी राहते. पुढच्या मसुद्यात जुना नायक मागे पडला आणि ती बाई मध्यभागी आली. त्या दहा पानांत राजवट कशी चालते हे कळलं, आणि ती कुठून उसवेल तेही.

मार्गारेट ॲटवुडनं 'द हॅण्डमेड्स टेल'साठी (१९८५) स्वतःवर एक बंधन घालून घेतलं होतं: माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे केलेलं नाही असं काहीही त्यात येऊ द्यायचं नाही. तुम्ही चिप आणताय म्हणून हे सांगतेय. तिच्या पुस्तकात सगळ्यांत भयंकर दिवस कुठला? एका दिवशी बायकांची बँकेची खाती चालेनाशी होतात, त्यांना नोकरीवरून काढतात, आणि त्यांच्या नावचे पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात जातात. नवीन यंत्र लागलं नाही. खाती आधीच संगणकावर होती. निवेदिकेचा नवरा प्रेमळ आहे, तो म्हणतो मी आहे ना. आणि त्या रात्री तिच्या मनात येतं की याला हे फारसं खटकलेलं दिसत नाही, कदाचित थोडं आवडलंही असेल. तुमच्या तीन प्रकरणांतल्या सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा त्या एका शंकेत जास्त काळोख आहे. तुमच्या नायिकेला कुणी जवळचं माणूस आहे का? आराखड्यात मला दिसलं नाही.

इशिगुरोच्या 'नेव्हर लेट मी गो'बद्दल (२००५) वाचक हमखास विचारतात की ही मुलं पळून का जात नाहीत. अवयव काढून घेण्यासाठीच त्यांना वाढवलंय, कुंपणं फारशी नाहीत, गाडी चालवता येते, तरी जात नाहीत. निवेदिका कॅथी पहिल्याच पानावर आपण ही शुश्रूषेची नोकरी किती वर्षं टिकवली आणि आपले रुग्ण किती शांत राहतात हे अभिमानानं सांगते. चांगलं काम करणाऱ्या कुणालाही वाटतो तसाच तो अभिमान आहे. पळून न जाण्याचं उत्तर त्या अभिमानातच आहे, असं मला वाटतं.

पडद्याबद्दल. चित्रपटात हे जग दाखवताना पहिला मोह निवेदनाचा होतो: काळ्या पडद्यावर "अमुक साली महायुद्ध झालं..." तुमच्या आराखड्याची सुरुवात अशीच आहे. अल्फोन्सो क्वारोनचा 'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६) शांतपणे बसून, फक्त पार्श्वभूमीकडे लक्ष देऊन एकदा बघा. काळ २०२७, अठरा वर्षांत एकही मूल जन्मलेलं नाही. सुरुवातीला कॉफीच्या दुकानात लोक टीव्हीकडे बघत थिजून उभे आहेत, कारण जगातला सर्वांत लहान माणूस, अठरा वर्षांचा तरुण, मारला गेलाय. नायक थिओ गर्दीतून वाट काढून कॉफी घेतो आणि बाहेर पडतो. काही क्षणांत मागे स्फोट होतो. नंतर कचेरीत तो त्याच बातमीचं निमित्त सांगून घरी जायची परवानगी मिळवतो. एवढ्यानं जगही कळलं आणि माणूसही. निर्वासितांना कोंडलेले पिंजरे रेल्वे स्थानकावर दिसतात, आणि थिओ त्यांच्याजवळून तसाच पुढे जातो, कॅमेराही त्याच्यासोबत. रोजची सवय झालेली माणसं कशाकडे बघत नाहीत, हे दाखवायला चित्रपटासारखं माध्यम नाही.

खर्चाची भीती तुम्ही लिहिलीय. गोदारनं 'अल्फाव्हिल' (१९६५) भविष्यातल्या शहराचा एकही देखावा न उभारता खऱ्या पॅरिसमध्ये, त्या वेळच्या नव्या इमारतींत चित्रित केला. मला तर आता निऑन दिव्यांच्या, सतत पाऊस पडणाऱ्या शहराची धास्तीच वाटते. 'ब्लेड रनर'नं (१९८२) ते फार सुंदर करून ठेवलं, आणि नंतरच्या कित्येक चित्रपटांत प्रेक्षक त्या शहराच्या प्रेमातच पडतो, तिथल्या माणसांचं काय झालं हे त्याला आठवत नाही. त्यापेक्षा टेरी गिलियमच्या 'ब्राझील'मधल्या (१९८५) कचेऱ्या अभ्यासा. एक माशी छपाईयंत्रात पडते, एका नावातलं अक्षर बदलतं, आणि टटलऐवजी बटल नावाचा निरपराध माणूस उचलला जातो. त्याला नेताना बायकोकडून रीतसर पावतीवर सही घेतात. पुढे सॅम नावाचा सज्जन कारकून जास्तीच्या वसुलीचा परतावा म्हणून धनादेश घेऊन त्या बाईच्या दारात जातो, आणि त्याला खरंच वाटत असतं की आपण चांगलं काम करतोय. ती विचारते, माझ्या नवऱ्याचं काय केलंत? सॅमला शहर आवडतं असं नाही, पण त्याला तिथे जमून गेलंय. तेवढंही पुरतं.

आता दुसरा प्रश्न. आदर्श समाजात संघर्ष नसतो हे मी मानत नाही, पण ही समजूत कुठून आली ते समजू शकते. 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या टीव्ही मालिकेचा कर्ता जीन रॉडनबेरी यानं १९८७ साली सुरू झालेल्या नव्या मालिकेत असा आग्रह धरला होता की तोवर माणूस सुधारलेला असेल, त्यामुळे जहाजावरच्या माणसांत आपसांत क्षुद्र भांडणं नकोत. लेखक त्या अटीनं फार जेरीस आले. शिवाय जुन्या युटोपियांचा साचाही सहलीचा आहे: पाहुणा येतो, यजमान त्याला हिंडवतो, पाहुणा विचारतो, यजमान सांगतो. एडवर्ड बेलामीचं 'लुकिंग बॅकवर्ड' (१८८८) आणि त्याला उत्तर म्हणून विल्यम मॉरिसनं लिहिलेलं 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' (१८९०) याच वाटेनं जातात. त्यांचा त्यांच्या काळावर मोठा परिणाम झाला, पण कथा म्हणून ती आज जड जातात.

याच साच्यात रुकय्या सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा मात्र अजून ताजी आहे. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ती इंग्रजीतून आली. बायकांचं राज्य, सूर्याच्या उष्णतेवर चालणारी यंत्रं, हवेत उडणारी वाहनं, आणि पुरुष मर्दान्यात, पडद्याआड. कचेरीचं काम दोन तासांत कसं उरकतं याचा हिशेब त्यात आहे: पुरुष कचेरीत चिरूट ओढत बसतात, एका चिरुटाला अर्धा तास, बारा ओढले की सहा तास गेले. कथेत फारसं काही घडत नाही, तरी ती वाचताना श्वास रोखला जातो, कारण संघर्ष पानावर नसून वाचणारीच्या घरात आहे. प्रत्येक उलटवलेली गोष्ट तिला आपल्या उंबऱ्याची आठवण करून देते.

रविदासांचं बेगमपुरा त्याच्याही कितीतरी आधीचं. गुरू ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या पदात दुःख नसलेलं शहर येतं: तिथे कराची चिंता नाही, भय नाही, दुसरा-तिसरा दर्जा नाही, लोक मनाला येईल तसे हिंडतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. हे पद मोरच्या बेटाशेजारी ठेवून वाचा. मोर इंग्लंडमधला कायदेपंडित होता. शेतातून हुसकलेल्या, रस्त्यावर भटकणाऱ्या माणसांचा प्रश्न त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या भागात आहे, आणि त्याच्या आदर्श राज्यात हिंडायला परवाना लागतो. रविदास चर्मकार. ज्यांच्या पावलांना जागोजागी मज्जाव होता त्यांच्यातले. त्यांच्या आदर्श नगरात अडवणारा नाही. लेखक कुठे उभा राहून स्वप्न बघतोय, हे त्या स्वप्नाच्या नियमांतून दिसतं. तुम्ही युटोपिया लिहायला घ्याल तेव्हा नियमांची यादी करण्याआधी स्वतःला काय सलतंय ते लिहून काढा.

राहिला पूर्ण लांबीच्या कादंबरीचा प्रश्न. त्यासाठी अर्सुला ले ग्विनची 'द डिस्पझेस्ड' (१९७४) वाचाच. अनारेस नावाच्या रुक्ष ग्रहावर मालमत्ता नाही, सरकार नाही, तुरुंग नाही. ले ग्विनला हा समाज मनापासून आवडतो, हे पानोपानी जाणवतं. तरीही तिची सुरुवात एका भिंतीनं होते, आणि ती भिंत कुणाला आत ठेवते आणि कुणाला बाहेर, हे बघणाऱ्यावर अवलंबून आहे. भौतिकशास्त्रज्ञ शेवेकला कोणी अटक करत नाही. पण त्याचं संशोधन छापायचं तर वरिष्ठाला त्यात आपलं नाव हवं असतं. दुष्काळात कामाच्या नेमणुका अशा येतात की तो आणि त्याची जोडीदार काही वर्षं एकमेकांपासून दूर राहतात. नेमणूक नाकारायला कायद्यानं बंदी नाही. शेजाऱ्यांच्या नजरा पुरेशा आहेत. चांगला समाज रोज चांगला ठेवावा लागतो, आणि तो ठेवताना माणसं थकतात, लबाडी करतात, आपल्या तत्त्वांची त्यांना नुसती सवय होऊन बसते. कादंबरीला याहून जास्त संघर्ष काय हवा?

शेवटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. आराखड्यात नायिका भिंत ओलांडते आणि सूर्य उगवतो. आशा दाखवायला माझी हरकत नाही, पण ती अशी दाखवली की मागची तीनशे पानं खोटी पडतात. 'नाइन्टीन एटी-फोर'च्या शेवटी राज्याच्या नव्या भाषेवर एक परिशिष्ट आहे, आणि ते भूतकाळात लिहिलेलं आहे. ती भाषा होती, म्हणजे आता नाही, असा त्याचा अर्थ अनेक वाचक लावतात. ॲटवुडच्या कादंबरीच्या शेवटी २१९५ सालची एक विद्वत्परिषद भरते. ती राजवट कधीच संपलेली आहे, आणि व्यासपीठावरचे प्राध्यापक त्या बाईच्या कहाणीवर विनोद करतायत, तिनं राज्यकारभाराची जास्त माहिती द्यायला हवी होती असं म्हणतायत. सुटका झालेली आहे, आणि तिचं दुःख कुणाला समजलेलंही नाही.

तेव्हा भिंतीचं प्रकरण तूर्त बाजूला ठेवा, चिपही ठेवा. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात नवजात मुलांना क्रमांक देणाऱ्या कचेरीतली एक बाई चार ओळींपुरती येते. ती समोरच्या आईला हळूच म्हणते, "लक्षात राहायला सोपा देऊ का?" आणि शेवटी दोन सारखे आकडे असलेला क्रमांक देते. सगळ्या मजकुरात मला खरी वाटलेली ती एकच व्यक्ती. तिला तिचं काम आवडतं, आईवर तिची माया आहे, आणि ती त्या बाळाचं नाव कायमचं काढून घेतेय. तिचा एक दिवस लिहा, सकाळी उठल्यापासून, आणि ती पानं मला पाठवा.